गाडी लागणे

चालत्या वाहनात, विशेषतः मागच्या सीटवर बसलेल्या मुलांना होणारी मळमळ आणि ओकारी. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांत हा त्रास सर्वांत जास्त दिसतो. दोन वर्षांखालच्या बाळांना तो सहसा होत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या सीमाभागात घराघरांत ‘हिला गाडी लागते’ असे एखादे मूल असतेच, आणि प्रवासाची तयारी करताना घरातले आधी त्याच्यासाठी पिशव्या मोजून घेतात.

शब्दप्रयोग पाहण्यासारखा आहे. ऊन लागते, थंडी लागते, नजर लागते, तशीच गाडी लागते. वाक्यात कर्ता गाडी असते आणि मूल बिचारे ‘-ला’ प्रत्यय लावून बसलेले. कोकणात पूर्वी बोटीने जाणाऱ्यांना ‘बोट लागायची’. मोटारी आल्यावर क्रियापद तेच राहिले. बसस्थानकात ‘सावंतवाडी गाडी लागली’ म्हणजे गाडी फलाटाला आली. आत बसल्यावर तेच वाक्य दुसऱ्या अर्थाने खरे होते. ओकारीला या भागात ‘वांती’ही म्हणतात. हा शब्द मराठीत जुना आहे आणि कानडीतही चालतो, त्यामुळे वाहक कोणत्याही भाषेचा असो, गाडी थांबवायला तो पुरतो. मूल मात्र इतके बोलत नाही. ‘पप्पा, मळमळायलंय’ एवढेच ऐकू येते, आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

कारण पोटात नाही, कानात आहे. आतल्या कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची खबर मेंदूला देतात. शेजारच्या दोन पिशव्यांतील बारीक चुनखडे पुढे-मागे, वर-खाली होणारी हालचाल टिपतात. मागच्या सीटवरचे सात वर्षांचे मूल पुढच्या सीटची पाठ बघत असते, नाहीतर मोबाइल. डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. कान सांगतो, आपण वळतो आहोत. दोन्ही बातम्या जुळत नाहीत आणि मेंदू गडबडतो. या गडबडीतून ओकारीच का व्हावी, यावर एक मत असे की विषबाधेतही संवेदना अशाच विस्कळीत होतात, म्हणून शरीर पोट रिकामे करायला धावते. मत आकर्षक आहे, पण सर्वमान्य नाही. कानाची भूमिका मात्र पक्की आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली ५१९ मूकबधिरांची माहिती प्रसिद्ध केली. गरगर फिरवल्यावर त्यांतील १८६ जणांना मुळीच चक्कर आली नव्हती. आतल्या कानातील ही इंद्रिये पूर्ण निकामी असलेल्या माणसाला बोटही लागत नाही.

सगळ्याच हालचाली सारख्या लागत नाहीत. खडबडीत रस्त्यावरचे भराभर बसणारे धक्के हाडे खिळखिळी करतात, पण मळमळ फारशी आणत नाहीत. संथ हेलकावा वाईट. साधारण पाच सेकंदांना एक या लयीचा तर सर्वांत वाईट. घाटातली वळणे, वळणाआधीचा ब्रेक आणि वळणानंतरचा ॲक्सिलरेटर मिळून जवळपास हीच लय धरतात. गाडी किती मोठी, किती महाग, याला फारसे महत्त्व नाही; हेलकावा किती याला आहे, आणि तो बराचसा चालवणाऱ्याच्या पायात असतो.

म्हणूनच बेळगावात हा त्रास दिशेवर ठरतो. पूर्वेला आणि दक्षिणेला पठार आहे. धारवाडमार्गे हुबळीला जाणारा सुमारे १०० किलोमीटरचा महामार्ग बहुतेक सरळ. त्या वाटेवर नेहमी ओकणारे पोरही चिरमुरे खात जाते. तेच पोर, तीच गाडी आणि तोच ड्रायव्हर बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, पाटणे फाटा ओलांडून आंबोलीकडे निघाले की तासाभरात रंग बदलतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तिथून सावंतवाडी ३० किलोमीटरवर. एवढ्यात सगळी उंची वळणावळणांनी खाली यायची. गोव्याला जाताना जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट लागतो, नाहीतर लोंढा, रामनगरवरून अनमोड. उत्तरेला कोल्हापूरच्या वाटेवर वंटमुरी आणि तवंदी हे घाट आहेत, पण महामार्ग रुंद झाल्यापासून त्यांचा धाक उरला नाही.

पावसाळ्यात भर पडते. आंबोली आणि कणकुंबी ही मुसळधार पावसाची ठिकाणे. काचा बंद, आत दमट हवा, बाहेर धुके. ज्या क्षितिजाकडे बघून डोळ्यांना हालचाल कळावी, तेच दिसत नाही. वास हे मूळ कारण नसले तरी काठावर आलेल्या पोराला ढकलायला पुरतात: डॅशबोर्डवरचा सुगंधी डबा, निपाणीत तंबाखूच्या वखारी, संकेश्वरला गळिताच्या हंगामात साखर कारखान्याची मळी. खाण्याचेही तसेच. आंबोलीत धबधब्यापाशी थांबून गरम भजी खायची आणि लगेच उरलेला घाट उतरायचा, हा क्रम कोणी ठरवला कोण जाणे. मुलांचा सल्ला घेतलेला नसावा.

ओकारी अचानक येत नाही. आधी मुलाची बडबड थांबते. मग जांभया, फिकट चेहरा, कपाळावर गार घाम, तोंडाला सुटणारे पाणी. बडबड थांबली तेव्हाच गाडी बाजूला घेऊन मुलाला पाच-दहा मिनिटे पायी चालवले तर पिशवी पुष्कळदा लागत नाही. प्रत्यक्षात ‘आता आलंच की गाव’ असे सांगितले जाते.

घरगुती उपाय बहुतेक तोंडावाटे जातात: आवळासुपारी, आलेपाक, वेलदोडा, लिंबू हुंगणे, चिंचेची गोळी. आल्याबाबत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. बाकीच्यांनी निदान लक्ष दुसरीकडे जाते. पोटावर वर्तमानपत्राचा कागद ठेवण्याची किंवा त्यावर बसवण्याची पद्धत जुनी आहे, पण कानाचा तंटा कागदाने मिटण्याचे काही कारण दिसत नाही. कागद मांडीवर असला तर दुसऱ्या उपयोगाला येतो, हे खरे.

खरा फरक नजरेने पडतो. मुलाला समोरचा रस्ता दिसला पाहिजे. वयाला योग्य अशा उंच बालआसनावर बसवले की नजर काचेच्या वर येते. मागची मधली जागा समोरच्या दृश्यासाठी चांगली, पण तिथे खांद्यावरून येणारा पट्टा असेल तरच. सात सीटच्या गाडीतली शेवटची रांग मात्र मुलांच्या वाट्याला देऊ नये. खिडकी लहान आणि मागचे टोक जास्त झुलणारे. मोबाइल, पुस्तक, चित्रे रंगवणे बंद. झोप लागली तर उत्तम, कारण डोळे मिटले की भांडणातला एक पक्षच गप्प होतो. पोट तुडुंब नको, अगदी रिकामेही नको.

‘पुढे घे त्याला, मांडीवर’ हा सर्वांत प्रचलित उपाय मळमळीवर चालतो आणि म्हणूनच घातक आहे. अपघातात मांडीवरचे मूल हातांनी धरून राहत नाही, आणि समोर जोराने उघडणारी एअरबॅग असते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास १,००० रुपये दंड आहे.

औषधांत प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन अशा गोळ्या वापरल्या जातात. निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी दिल्या तरच उपयोग. ओकायला लागल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते. झोप आणणे हा त्यांचा गुणही आणि दोषही. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत, कारण श्वास मंदावण्याचा धोका असतो. मोठ्यांच्या गोळीचा अंदाजाने अर्धा तुकडा मोडून देण्याऐवजी डॉक्टरांना विचारावे.

आईबापांपैकी कोणाला हा त्रास असला की मुलांतही तो जास्त आढळतो, आणि अर्धशिशीशीही त्याचा संबंध दिसतो. रोज घाटातून ये-जा करणाऱ्याला सवय होते. बहुतेकांचा त्रास पौगंडावस्थेत ओसरतो. ज्यांचा राहतो, त्यांनाही स्वतः चालवताना गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण शरीराला आधीच ठाऊक असते. तोच माणूस परतीच्या प्रवासात मागे बसून मोबाइल उघडतो, आणि कणकुंबीच्या आत काच खाली करायला लागतो.