जुई (व्यक्तिनाम)

जुई हे मराठी मुलींचे दोन अक्षरी नाव. ते जुईच्या वेलीवरून आले आहे. वनस्पतिशास्त्रात ही वेल जॅस्मिनम ऑरिक्युलेटम या नावाने ओळखली जाते आणि ती पारिजातकाच्या कुळातली आहे. हिंदीत तिला जूही म्हणतात, तमिळमध्ये मुल्लै.

नावांच्या याद्यांत जुईपुढे बहुधा ‘एक फूल’ एवढेच लिहिलेले असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. मूळ संस्कृत शब्द यूथिका. यूथ म्हणजे कळप, समूह. हा अर्थ वेलीकडे पाहिले की लगेच पटतो, कारण जुईची फुले एकेकटी येत नाहीत, डहाळ्यांच्या टोकांना झुबक्यांनी येतात. अमरकोशात यूथिकेला गणिका असाही पर्याय दिला आहे, आणि गण म्हणजेही समूहच. तेव्हा नावाचा नेमका अर्थ सांगायचा तर ‘झुबक्याने फुलणारी’ असा सांगावा.

यूथिकेची जुई झाली ती प्राकृतातून. शब्दारंभीच्या य चा ज झाला (यात्रा–जत्रा, योगी–जोगी), दोन स्वरांमधल्या थ चा ह झाला (गाथा–गाहा), आणि शेवटच्या ‘इका’ची झिजून ‘ई’ उरली (घटिका–घडी). प्राकृतात जूहिआ असे रूप होते. हिंदीने त्यातला ह राखला, मराठीने तोही सोडला. म्हणून जुई हा जूहीचा अपभ्रंश नाही. दोन्ही एकाच आजीच्या नाती आहेत.

लेखन ‘जुई’ असेच हवे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर मराठीत शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो. सूचीची ‘सुई’ झाली तशीच ही. ‘जूई’ हे रूप हिंदीच्या प्रभावाने येते. उच्चारात ज ‘जुना’मधला, ‘जीव’मधला नव्हे. रोमन लिपीत हा फरक दाखवता येत नाही, त्यामुळे मराठी न येणाऱ्यांच्या तोंडी नाव हमखास बदलते. विभक्ती लावताना मूळ रूप तसेच राहते: जुईने, जुईला, जुईचा.

खरी अडचण रोमन स्पेलिंगची. शेवटी एक आय की दोन ई, हे घरोघर वेगळे असते, आणि मध्ये एच पडला तर कागदोपत्री मुलीची जूही होते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो, म्हणून दोन्ही लिप्यांतले नाव तिथेच तपासून घ्यावे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असली तरी नाव त्याच वेळी द्यावे लागत नाही. ते 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. बारशाची घाई करून चुकीचे स्पेलिंग देण्यापेक्षा हे बरे.

जन्माक्षर पाहणाऱ्यांना ‘जु’ कधीकधी सापडत नाही. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रांची नामाक्षरे देणाऱ्या कोष्टकात, जु, जे, जो, खा ही अक्षरे अभिजित नक्षत्राची आहेत, आणि 27 नक्षत्रांच्या कोष्टकात अभिजित नसते. काही पंचांगे ही अक्षरे श्रवणाकडे देतात. रास दोन्हीकडे मकरच.

जुळ्या मुलींना जाई-जुई ही नावे आवडीने ठेवतात. जाईचे मूळ मात्र वेगळे: संस्कृत जाती. वेलीही वेगळ्या. जाईच्या पानाला सातपासून अकरापर्यंत पर्णिका (पानाचे छोटे सुटे भाग) असतात आणि कळीवर बाहेरून गुलाबी झाक असते. जुईच्या पानात मधली पर्णिका मोठी, बाजूच्या दोन अगदी चिमुकल्या, कानाच्या पाळ्यांसारख्या. शास्त्रीय नावातल्या ‘ऑरिक्युलेटम’चा अर्थ तोच. कधी त्या नसतातही. फूल शुभ्र, जाईपेक्षा लहान, संध्याकाळी उमलणारे. पिवळ्या फुलांच्या सोनजुईला अमरकोशात हेमपुष्पिका म्हटले आहे.

महाराष्ट्रात जुईचा खरा बहर पावसाळ्यातला. कालिदासाच्या मेघदूतातही मेघाला वाटेत थांबून यूथिकेच्या कळ्यांवर नव्या पाण्याचे थेंब शिंपायला सांगितले आहे. आषाढ-श्रावणात जन्मलेल्या मुलीला हे नाव विशेष शोभते ते यामुळेच.