चामड्यापासून व्हायटॉनपर्यंत : हायड्रॉलिक सीलची पार्श्वभूमी

हायड्रॉलिक सिलिंडर (द्रवाच्या दाबाने रॉड पुढे-मागे ढकलणारं नळकांडं) गळायला लागला की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते, जुनं सील (गळती अडवणारी रिंग) काढायचं, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून माप घ्यायचं आणि त्याच मापाचं नवीन बसवायचं. माप जुळतं, मशीन चालू होतं, आणि थोड्याच दिवसांत रॉडवर परत ऑइल. मग दोष सीलच्या क्वालिटीला. पण मटेरियल कोणी बघितलेलं असतं का? कॅटलॉगमध्ये नायट्राईल, पीयू (पॉलियुरेथेन), व्हायटॉन, टेफ्लॉन, ईपीडीएम अशी रबर-प्लास्टिकची जी यादी दिसते ना, त्यातली बरीच नावं कधी ना कधी आधीचं मटेरियल कमी पडलं म्हणून आलीयत, आणि हे एकदा समजलं की निवड खूप सोपी होते.

सुरुवात चामड्यापासून. बंद द्रवात दाब सगळीकडे सारखा पसरतो हे पास्कलने 17व्या शतकातच मांडलं होतं, पण त्या तत्त्वावर चालणारा हायड्रॉलिक प्रेस (दाबयंत्र) पेटंट व्हायला 1795 साल उजाडलं, इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाच्या नावावर. मधली एवढी वर्षं जायचं एक मोठं कारण म्हणजे गळती. पॅकिंग (फटीत भरलेलं सील) सैल ठेवलं तर पाणी बाहेर, घट्ट आवळलं तर रॅम (आतला सरकणारा दांडा) जागचा हलेना. यावरचा उपाय म्हणजे कपासारखी कड असलेली चामड्याची कॉलर, याचं श्रेय बहुतेक वेळा ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेला देतात. दाब वाढला की तोच दाब कॉलरची कड रॅमवर दाबून धरतो, आणि दाब गेला की कड आपोआप सैल पडते. मला विचाराल तर सीलच्या सगळ्या इतिहासात यापेक्षा मोठी कल्पना नाही, कारण आजचं यू-कप सीलसुद्धा (कापल्यावर इंग्रजी यू अक्षरासारखं दिसणारं) याच तत्त्वावर चालतं, आणि म्हणूनच ते उलटं बसवलं, म्हणजे ओठ (कडा) दाबाच्या बाजूला नसले, तर ते सील करतच नाही.

पुढची शंभरेक वर्षं हायड्रॉलिक म्हणजे पाणीच. लंडनमध्ये तर रस्त्याखालच्या पाईपांतून साधारण 55 बारचं (हवेच्या दाबाच्या सुमारे 55 पट) पाणी विकलं जायचं, लिफ्ट आणि क्रेन चालवायला, आणि ती व्यवस्था 1977 पर्यंत चालू होती. पाण्यात चामडं चालायचं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये रबर व्हल्कनाईझ करायची (गंधकासोबत तापवून टिकाऊ बनवायची) रीत शोधली तेव्हा लवचिक आणि टिकाऊ मटेरियल हातात आलं, पण नैसर्गिक रबराची खोड अशी की मिनरल ऑइल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं.

आणि नेमकं 1906 च्या सुमारास ऑइल आलं, अमेरिकेच्या व्हर्जिनिया या युद्धनौकेवर तोफा फिरवायला ऑइलवर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसवली तेव्हा. ऑइल गंज धरू देत नाही, पंपाला वंगण मिळतं, थंडीत गोठून पाईप फुटत नाहीत, सगळे फायदेच, फक्त त्याला सोसेल असं रबर नव्हतं. ते 1930 नंतर मिळालं. अमेरिकेत ड्यूपॉन्टचं निओप्रीन आणि जर्मनीत आयजी फार्बेनचं नायट्राईल, आणि यातलं नायट्राईल आजही मिनरल ऑइलसाठी पहिली निवड आहे, साधारण उणे 30 ते 100 अंश सेल्सिअसपर्यंत.

ओ-रिंगची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या साध्या गोल रबरी रिंगची गोष्ट याच काळातली. डेन्मार्कमध्ये जन्मलेला नील्स क्रिस्टेन्सन अमेरिकेत काम करायचा, त्याने 1937 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा वय 72. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी गरज पडली म्हणून सरकारने पेटंट ताब्यात घेऊन इतर कंपन्यांना बनवायला दिलं, त्यामुळे ओ-रिंग सगळीकडे पोचली, पण त्याला योग्य मोबदला मिळाला नाही आणि कोर्टातून उरलेले पैसे वारसांना मिळाले ते 1971 मध्ये, तो गेल्यानंतर 19 वर्षांनी. वाईट वाटतं हे वाचून.

नंतर दाब वाढत गेले, 350 बार आता नवलाचं नाही. एवढ्या दाबाला मऊ रिंग सरकत्या भागांमधल्या फटीत घुसते आणि कड कुरतडली जाते, म्हणून बॅकअप रिंग (मागून आधार देणारी कडक रिंग) आली, बऱ्याचदा टेफ्लॉनची. टेफ्लॉन 1938 मध्ये ड्यूपॉन्टच्याच रॉय प्लंकेटला दुसरंच काहीतरी शोधताना सापडलं होतं. घासून झिजणाऱ्या जागी पॉलियुरेथेन आलं, फक्त गरम पाण्यात ते तुटत जातं म्हणून वॉटर ग्लायकॉलवर (पाणी मिसळलेलं हायड्रॉलिक द्रव) साधं पीयू नको. उष्णतेसाठी 1957 मध्ये व्हायटॉन आलं, साधारण 200 अंशापर्यंत. आणि सहजासहजी आग न पकडणारी फॉस्फेट एस्टर द्रवं आली तिथे नायट्राईल टिकत नाही, ईपीडीएम लागतं, पण हेच ईपीडीएम मिनरल ऑइलमध्ये फुगून वाया जातं. म्हणून आधी विचारायचं की आत द्रव कुठलं, मग तापमान, मग दाब आणि फट, माप सगळ्यात शेवटी.

काढलेलं सील लगेच फेकू नका, त्यावर कारण लिहिलेलं असतं. कडक होऊन तडकलं तर उष्णता, फुगलं तर द्रव चुकलं, कड कुरतडली तर फट जास्त, लांबीला सरळ ओरखडे असतील तर रॉडचं क्रोम किंवा ऑइलमधली घाण बघा, अशा वेळी नवीन सील कितीही भारी घेतलं तरी तसंच कापलं जाणार. वायपर (रॉडवरची धूळ पुसणारी बाहेरची रिंग) फाटलेला असेल तर तोही सोबतच बदला, धूळ तिथूनच आत जाते. आणि स्टोअरमधला माल पण बघा, आयएसओ 2230 (रबरी माल साठवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे पाकीटबंद नायट्राईल 7 वर्षं, व्हायटॉन 10 वर्षं आणि पॉलियुरेथेन रबर 5 वर्षं धरतात, तेही ऊन आणि ओझोनपासून लांब ठेवलं तर, त्यामुळे चालू मोटरच्या शेजारच्या रॅकवर खिळ्याला टांगलेल्या ओ-रिंगा आधी खाली उतरवा.