शाळा-विद्यापीठ भागीदारीतून शिक्षकांचा व्यावसायिक विकास : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची प्रक्रिया

सेवेतील शिक्षकांचे प्रशिक्षण म्हटले की दोन-तीन दिवसांची कार्यशाळा, हजेरीपत्रकावरील सही आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. शाळा आणि विद्यापीठ यांच्यातील भागीदारीचे स्वरूप याहून वेगळे असते. विद्यापीठाचे प्राध्यापक वर्षभर शाळेत येत राहतात, छात्राध्यापक (शिक्षक होण्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी) अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली वर्ग घेतात आणि तेच अनुभवी शिक्षक प्राध्यापकांच्या मदतीने स्वतःच्या अध्यापनावर कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातील प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास, करतात. अमेरिकेत होम्स ग्रुप या विद्यापीठांच्या गटाने १९८६ साली अशा ‘व्यावसायिक विकास शाळां’ची कल्पना मांडली, तर इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९८७ पासून स्थानिक शाळांना सोबत घेऊन आंतरवासितेची (शाळेत राहून प्रत्यक्ष कामातून शिकण्याच्या कालावधीची) योजना राबवली. फिनलंडमधील सराव शाळा विद्यापीठांच्याच अखत्यारीत असल्यामुळे तेथे त्या शाळांशी वेगळा करार करण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. परंतु जेथे शाळा एका व्यवस्थापनाची आणि विद्यापीठ दुसऱ्या यंत्रणेचे असते, तेथे रीतसर प्रस्ताव आणि करार यांना पर्याय नाही. तपशील देशागणिक बदलतात. तरी प्रक्रियेचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच आढळतो.

पात्रता

शाळेला तिच्या शिक्षण खात्याची मान्यता असावी लागते आणि विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाला शिक्षक-शिक्षणाचे अभ्यासक्रम चालवण्याचा अधिकार असावा लागतो. त्यानंतर पाहिले जाते ते शाळेतील मनुष्यबळ. ज्या विषयांचे छात्राध्यापक येणार आहेत, त्या विषयांचे पात्रताधारक आणि अनुभवी शिक्षक शाळेत आहेत का, हा छाननीतील पहिला प्रश्न असतो. विद्यापीठांनाही शाळांची गरज असतेच. भारतात २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावे लागतात, तर इंग्लंडमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे प्रमाण १२० दिवस असून तेही किमान दोन शाळांमध्ये विभागलेले असावे लागते. त्यामुळे अर्ज करणाऱ्या शाळेने स्वतःला केवळ लाभार्थी समजण्याचे कारण नाही.

मार्गदर्शक शिक्षकाच्या निवडीत सेवाज्येष्ठतेला अनेकदा अवाजवी महत्त्व दिले जाते. वर्गात दुसऱ्याला बसू देण्याची आणि आपल्या पाठावर झालेली चर्चा ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर वीस वर्षांचा अनुभवही या कामी फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून मुख्याध्यापकांच्या शिफारशीसोबत संबंधित शिक्षकाचे स्वतःचे लेखी संमतिपत्र जोडावे.

कागदपत्रे

प्रस्तावासोबत साधारणपणे शाळेचे मान्यता प्रमाणपत्र, व्यवस्थापन समितीचा ठराव, सहभागी शिक्षकांची शैक्षणिक अर्हता व अनुभव दर्शवणारी यादी आणि सामंजस्य कराराचा मसुदा मागितला जातो. भागीदारीतील कामासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) मिळणार असतील, तर शिक्षकांना पदवी प्रमाणपत्र व गुणपत्रकांच्या प्रतीही द्याव्या लागतात. बाहेरून येणाऱ्या व्यक्तींचा मुलांशी थेट संबंध येणार असल्याने त्यांच्या पार्श्वभूमीची पडताळणी अनेक ठिकाणी बंधनकारक आहे.

या सगळ्या कागदांत सर्वांत दुर्लक्षित, पण भागीदारीचे भवितव्य ठरवणारा कागद म्हणजे वेळ आणि खर्च यांचे परिशिष्ट. ‘शाळा शक्य तितके सहकार्य करील’ असे वाक्य लिहून दोन्ही पक्ष समाधानाने सह्या करतात आणि पहिल्याच परीक्षेच्या हंगामात मार्गदर्शक शिक्षकाची मोकळी तासिका बदली वर्गासाठी वापरली जाते. त्याऐवजी ‘प्रत्येक मार्गदर्शक शिक्षकाला दर बुधवारी शेवटच्या दोन तासिका पाठनिरीक्षण व चर्चेसाठी मोकळ्या राहतील, त्या काळातील वर्गांची व्यवस्था मुख्याध्यापक करतील आणि त्याचा खर्च विद्यापीठ उचलेल’ इतक्या नेमक्या शब्दांत तरतूद करावी. खर्च कोणी उचलायचा हे दोघांनी आपसांत ठरवावे. परंतु तो रकाना रिकामा ठेवू नये.

संशोधन होणार असेल, तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता माहिती गोळा करण्यापूर्वीच घ्यावी लागते. काम उरकल्यानंतर मागितलेली मान्यता सहसा दिली जात नाही. पालकांची लेखी संमती आणि मुलांना समजेल अशा भाषेत त्यांचीही परवानगी घेणे अपेक्षित असते. येथे एक बारकावा आहे. पाठाचे चित्रीकरण करून ते शिक्षकांच्या चर्चेत दाखवणे आणि तेच चित्रीकरण परिषदेत किंवा प्रकाशनात वापरणे या दोन स्वतंत्र बाबी असून संमतिपत्रात त्यांसाठी दोन स्वतंत्र रकाने हवेत. तसेच पाठनिरीक्षणाच्या नोंदी शिक्षकाच्या गोपनीय अहवालासाठी वापरल्या जाणार नाहीत, अशी अट करारात स्पष्टपणे घालावी. ती नसेल तर शिक्षक निरीक्षणाच्या दिवसासाठी घोटून घेतलेला पाठ सादर करतात, आणि अशा पाठावरील चर्चेतून कोणाच्याही हाती काही लागत नाही.

अर्जाची प्रक्रिया

सुरुवात शाळेच्या गरजेपासून करावी. प्राथमिक वर्गांतील वाचन, गणितातील अपूर्णांक किंवा बहुभाषिक वर्गातील अध्यापन, असा एखादा नेमका प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निश्चित करून मग विभागप्रमुखांशी अनौपचारिक चर्चा करावी आणि त्यानंतर लेखी प्रस्ताव पाठवावा. विद्यापीठाकडे आधीच तयार असलेला कार्यक्रम जसाच्या तसा स्वीकारणाऱ्या शाळांना पुढे तो आपला वाटत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. प्रस्ताव विभागाकडून छाननीनंतर विद्यापीठाच्या प्रशासनाकडे जातो, कराराची कायदेशीर तपासणी होते आणि दोन्ही बाजूंच्या अधिकृत व्यक्तींच्या सह्या होतात. सही करणाऱ्या व्यक्तीला तसा अधिकार आहे की नाही, हे ठरावावरून तपासून घ्यावे. या सर्व टप्प्यांना वेळ लागतो. शिवाय वेळापत्रक एकदा लागले की तासिका मोकळ्या करणे अवघड होते. त्यामुळे प्रस्ताव नव्या शैक्षणिक वर्षाच्या किमान एक सत्र आधी दाखल करावा.

करारात मुदत, वार्षिक आढावा आणि नूतनीकरण यांच्या जोडीला करार संपुष्टात आणण्याचे कलमही असावे. कोणत्याही पक्षाने माघार घेतली, तरी त्या वेळी शाळेत असलेल्या छात्राध्यापकांची आंतरवासिता आणि श्रेयांकांसाठी नोंदणी केलेल्या शिक्षकांचे चालू सत्र पूर्ण होऊ दिले जाईल, अशी तरतूद त्या कलमात करून घ्यावी.