राजाचा किताब आणि गावाचा पत्ता : माया ‘एम्ब्लेम ग्लिफ’ची पार्श्वभूमी

तिकाल, पालेंके, कोपान या प्राचीन माया संस्कृतीच्या शहरांतील कोरीव लेखांत एकाच साच्याचे चिन्ह पुन्हा पुन्हा येते, हे १९५८ मध्ये लक्षात आले. हीच ‘एम्ब्लेम ग्लिफ’. डावीकडचा आणि वरचा भाग सगळीकडे सारखा, मुख्य चिन्ह मात्र ठिकाणागणिक वेगळे. ते स्थळाचे, घराण्याचे की दैवताचे, हे तेव्हा जाणूनबुजून ठरवले नव्हते. पुढे बऱ्याच जणांनी ते सरळ शहराचे नाव धरले. घोटाळा इथूनच सुरू झाला.

१९७० आणि १९८०च्या दशकांत स्थिर भागांचे वाचन ‘कुहुल’ (पवित्र) आणि ‘अहाव’ (राजा) असे ठरले. म्हणजे संपूर्ण चिन्ह ‘अमक्याचा पवित्र राजा’ असा किताब आहे. किताब माणसाबरोबर फिरतो. तिकालचा ‘मुतुल’ हा किताब सातव्या शतकात दोस पिलास या दुसऱ्या शहराच्या राजांनीही लावला, कारण ते त्याच घराण्यातले होते.

सर्वांत मोठा गुंता ‘कानुल’ या किताबाचा, ज्याचे मुख्य चिन्ह सर्पमुख आहे. तो असंख्य लेखांत येतो, पण बरेचसे दगड चोरांनी कापून विकलेले, मूळ जागा अज्ञात. म्हणून त्या अज्ञात शहराला ‘साइट क्यू’ म्हटले गेले. ते शहर म्हणजे कालाकमुल असावे, हा संशय जुना होता. तिथे शंभराहून अधिक कोरीव स्तंभ आहेत, पण चुनखडी इतकी झिजलेली की अक्षरे हाती लागत नाहीत. चोरीच्या फलकांचा मोठा भाग अखेर ला कोरोना या छोट्या ठिकाणाचा निघाला. २००५ मध्ये तिथे जागच्या जागी सापडलेल्या फलकाने ते पक्के झाले. ला कोरोना मात्र कानुलची राजधानी नव्हती, अंकित होती. दुसरीकडे द्झिबांचे या शहरातल्या कोरीव पायऱ्यांवर आधीचे कानुल राजे दिसतात. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात सत्ता तिथून कालाकमुलकडे गेली. त्याआधी कालाकमुलच्या राजांचा किताब वटवाघळाच्या मुखाचा होता. त्यामुळे ‘कानुल म्हणजे कालाकमुल’ हे समीकरण त्या आधीच्या काळाला लावले की युद्धांचे नकाशेच चुकतात.

म्हणून किताबाची स्थळाशी जोडणी करताना आधी पाहायचे, किताब धारण करणारा त्या लेखाचा नायक आहे, की बंदी, पाहुणा किंवा सासरची मंडळी. बंद्यांची नावे विजेत्याच्या पायऱ्यांवर असतात. मग ‘उहतीय’ (‘घडले’) या क्रियापदानंतर येणारे नाव तपासायचे. खरे स्थळनाम बहुधा तिथे मिळते. पालेंकेचे राजे ‘बाकाल’चे, पण शहराच्या मध्यभागाचे नाव लाकामहा. शिवाय ‘बाकाल’ हाच किताब तोर्तुगेरो या दुसऱ्या ठिकाणचे राजेही लावत.