एकच सॉइल, दोन टेस्ट

'सॉइल टेस्ट करून घ्या' असं शेतकऱ्याला सांगा. तो रानात व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेईल. कडेची माती वरून खालपर्यंत खरवडायची, आठ-दहा ठिकाणची एकत्र कालवायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत अर्धा किलो उरली की ती पिशवीत. प्रयोगशाळा मातीचा सामू (pH), सेंद्रिय कर्ब आणि पिकाला लागणारं स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) कळवते.

हेच वाक्य बिल्डरला सांगा. प्लॉटवर तिकाटणं उभं राहतं, 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा आदळतो, आणि त्याखालची नळी जमिनीत शेवटचे 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. पालाशशी इथे कुणाला देणंघेणं नाही.

शेतकऱ्याचं सॉइल म्हणजे पीक पोसणारी जिवंत माती. इंजिनिअरच्या लेखी खडकाच्या वरचं सगळं सुटं सॉइलच: मुरूम, वाळू, गाळ. वरचा सुपीक थर तर तो आधी खरवडून बाजूला करतो. आणि काळी माती म्हणजे डोकेदुखी! पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, वरच्या भिंती तडकवते. म्हणून तो ती उपसून मुरूम भरतो. तिकडे शेतकरी मुरमाड रानावर धरणातला गाळ ओढून टाकतो. 2017 साली राज्य सरकारने त्यासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाच काढली.

कणांच्या मापावरही एकमत नाही. वाळू कुठे सुरू होते? अमेरिकी कृषी खात्याच्या वर्गीकरणात 0.05 मिलिमीटरला, इंजिनिअरांच्या भारतीय मानकात 0.075 ला. मधल्या मापाचा कण एकाच्या वहीत वाळू, दुसऱ्याच्या वहीत पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ.

मग वॉशिंग मशीनवरचं, कपडे किती मळलेत ते सांगायचं 'सॉइल लेव्हल' कुठलं? तो मुळात वेगळाच शब्द. जमीन या अर्थाचं सॉइल लॅटिन 'सोलुम'शी जोडलेलं. मळवणे या अर्थाचं जुन्या फ्रेंचमधून आलेलं, आणि त्याचं मूळ डुकराच्या लॅटिन नावात असावं असं मानतात. इंग्रजीत दोघांचा उच्चार एक झाला, इतकंच.

रात्री उपसून नेल्या जाणाऱ्या मैल्याला इंग्रजांनी 'नाइट सॉइल' म्हटलं, ते या डुकराच्या घराण्यातलं. शेतात पडलं की तेच पहिल्या सॉइलमध्ये मुरायचं. त्याच्या खताला आपल्याकडे नाव आहे सोनखत.