वारा पडलेला असताना जाळल्यास धूर त्रास देत नाही?

जंगलातील वाळका पालापाचोळा नियोजनपूर्वक जाळायचा असेल, तर वारा पूर्ण पडलेला दिवस निवडावा म्हणजे धूर जागच्या जागी राहतो, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. वारा नसताना आग आवरणे सोपे वाटते खरे; पण धुराला पांगायला वाटच उरत नाही. सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा थंडावते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धुमसणाऱ्या ओंडक्यांचा धूर उतारावरून सखल वस्तीत येऊन साचतो. त्यातील 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान कण फुफ्फुसात खोलवर जातात. तोंडावर बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जानेवारी 2008 मध्ये अशीच एक नियोजित आग हाताबाहेर गेली, धूर पहाटेच्या धुक्यात मिसळला आणि आय-4 महामार्गावर सुमारे 70 वाहने एकमेकांवर आदळली. तेथे जाळण्याआधी राज्याच्या वनसेवेची परवानगी लागते आणि धूर किती उंच चढेल, कोणीकडे जाईल, हेही पाहिले जाते. गरज असते ती वस्तीपासून दूर वाहणाऱ्या, मध्यम आणि स्थिर वाऱ्याची. शिवाय अंधारापूर्वी ओंडके पूर्ण विझवावे लागतात; नेमके हेच कंटाळवाणे काम टाळले जाते.