फुटलेलं डोकं आणि एक गोळी

एका छोट्या सभागृहात मंचावर टक्कल पडलेला, चष्मेवाला गृहस्थ बसलाय. प्रात्यक्षिकासाठी प्रेक्षकांतून एक जण येऊन शेजारी बसतो. गृहस्थ त्याच्या मनात शिरू पाहतो आणि काही क्षणांत स्वतःच थरथरायला लागतो. चेहरा पिळवटतो, मान वाकडी होते आणि डोकं कलिंगडासारखं फुटतं. डेव्हिड क्रोननबर्ग या कॅनेडियन दिग्दर्शकाचा ‘स्कॅनर्स’ 1981 साली आला. तो पाहिलेल्या माणसाला बाकी काही आठवो न आठवो, हे डोकं आठवतंच.

ते डोकं प्लास्टर आणि जिलेटिनचं होतं. आत मेण, कलेजी आणि उरलेसुरले बर्गर ठासले होते, आणि मागून चक्क बंदुकीचा बार काढला होता. संगणकाच्या करामती आजही इतकं किळसवाणं काही देत नाहीत, असं आपलं माझं मत.

डोकं फोडतो तो शेजारी येऊन बसलेलाच, नुसत्या मनाच्या जोरावर. पण खरोखरच्या मेंदूला हे जमेल का? हिशेब करून बघू. मेंदूचं वजन साधारण 1.4 किलो आणि तो चालतो सुमारे 20 वॅटवर, म्हणजे घरातल्या जुन्या झिरोच्या दिव्यापेक्षा थोडा जास्त. दुसऱ्याचा मेंदू 37 अंशांवरून नुसता उकळीपर्यंत न्यायचा तर सव्वातीन लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा लागेल. मारेकऱ्याने श्वास घेणंसुद्धा थांबवून मेंदूची सगळी ऊर्जा समोरच्यावर ओतली आणि त्यातला कणही वाया गेला नाही, तरी साडेचार तास लागतील. तेवढ्यात समोरचा उठून घरी जाऊन जेवूनही येईल.

ऊर्जेचं सोडा, नुसता निरोप तरी पोचेल? डोक्याच्या कातडीवर मिळणारा विद्युतदाब काही दशक मायक्रोव्होल्टचा, म्हणजे पेन्सिल सेलच्या तीस हजाराव्या हिश्शाच्या आसपास. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र तर पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण. ते मोजायला बाहेरचं चुंबकत्व अडवणारी खास खोली बांधावी लागते. भर गर्दीत दुसऱ्याच्या मेंदूने ते टिपणं शक्य दिसत नाही.

गंमत म्हणजे हे मोजण्याची सुरुवात मनकवडेपणाच्याच शोधातून झाली. 1890च्या दशकात हान्स बर्गर हा जर्मन तरुण लष्करी सेवेत असताना घोड्यावरून पडला आणि तोफेच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, खुशाली विचारणारी. बहिणीला उगाचच त्याची काळजी वाटायला लागली होती म्हणे. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. बर्गरला लागलेली उचकी आयुष्यभर थांबली नाही. तो मेंदूचा डॉक्टर झाला, मनाची ऊर्जा मोजायच्या मागे लागला आणि 1924 साली त्याने माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा पहिला आलेख काढला. मनकवडेपणा सापडला नाही, पण फेफऱ्याच्या रुग्णांना आज जो ईईजी काढायला सांगतात, तो हाच.

म्हणजे चित्रपट सगळाच थापा? तिथेच तर मेख आहे. (पुढे रहस्य फोडतोय, चित्रपट चाळीस वर्षांहून जुना आहे, माफी असावी.) चित्रपटातल्या या मनकवड्या माणसांना शक्ती मिळते ती एफिमेरॉल नावाच्या औषधातून. गरोदर बायकांना दिलेलं शामक, त्याचा परिणाम पोटातल्या बाळांवर. आणि मोठेपणी डोक्यातला कोलाहल शांत करायला त्यांना तेच औषध लागतं.

थॅलिडोमाइड आठवलं ना? पश्चिम जर्मनीत 1957 साली हे झोपेचं औषध बाजारात आलं. इतकं निर्धोक समजत की ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळे, आणि गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जाई. गर्भधारणेनंतर साधारण 20 ते 36 दिवस एवढाच धोक्याचा काळ, पण तेवढ्यात घेतलेली एखादी गोळीही पुरे होई. जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं आखूड हात-पाय, अधू कान-डोळे घेऊन जन्मली. जर्मनीत नोव्हेंबर 1961 मध्ये औषध मागे घेतलं गेलं. कॅनडात मात्र ते मार्च 1962 पर्यंत विकलं जात होतं. तिथल्या प्रेक्षकाला एफिमेरॉल म्हणजे काय ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

अमेरिका बहुतांशी वाचली ती फ्रान्सिस केल्सी यांच्यामुळे. त्या मूळच्या कॅनडाच्या, शिकल्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात, आणि ‘स्कॅनर्स’चं चित्रीकरणही माँट्रियलचंच. अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू होऊन महिनाभर झाला असेल-नसेल, तोच थॅलिडोमाइड विकायच्या परवानगीचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. सुरक्षिततेचे पुरावे पुरेसे नाहीत म्हणून त्यांनी तो परत पाठवला. कंपनी मागे लागली, त्यांनी पुन्हा परत पाठवला.

उंदरांवर ही गोळी निरुपद्रवी ठरली होती. असं का, ते कळायला अर्धशतक लागलं. 2010 साली जपानमध्ये हिरोशी हांडा यांच्या गटाने बारीक चुंबकीय मण्यांना थॅलिडोमाइड चिकटवलं, ते पेशींच्या रसात घोळवले आणि मण्यांना कोण येऊन चिकटतं ते पाहिलं. गळाला लागलं एक प्रथिन. पेशीतली कुठली प्रथिनं मोडीत काढायची, ते ठरवणाऱ्या यंत्रणेचा तो मुकादम. थॅलिडोमाइड चिकटलं की हा मुकादम भलत्याच मालावर मोडीचा शिक्का मारतो. 2018 साली कळलं की त्या भलत्या मालात एसएएलएल-4 हे हात-पाय घडवणारं प्रथिनही असतं. उंदरांच्या प्रथिनांची घडण किंचित वेगळी असल्यामुळे ते वाचतात.

हाच चुकीचा शिक्का योग्य जागी मारून घेतला तर? मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात थॅलिडोमाइड आणि त्याची भावंडं पेशींना जगायला लागणारी प्रथिनं मोडीत काढतात. कुष्ठरोगात उठणाऱ्या दुखऱ्या गाठींवरही ते 1960च्या दशकापासून वापरात आहे. विष तेच आणि उताराही तेच, एफिमेरॉलसारखं.

त्या मुकादम प्रथिनाचं नाव सेरेब्लॉन. ते हांडांनी ठेवलेलं नाही, आधीपासूनचंच. हे जनुक 2004 साली सापडलं ते हाता-पायांच्या नव्हे, मेंदूच्या अभ्यासात. अमेरिकेतल्या एका कुटुंबात बुद्धीची वाढ थोडी कमी होत होती, त्याचं कारण शोधताना. म्हणून नावात सेरेब्रम, म्हणजे मेंदू.